पवनारहून सातपुड्यापर्यंत

धनत्रयोदशीच्या सुमारास सातपुड्यातील अस्तंब्याच्या डोंगराकडे माणसांच्या रांगा लागतात. हा डोंगर अक्राणी तालुक्यात आहे. त्याची उंची चार हजार फुटांहून अधिक असून, महाभारतातील अश्वत्थामा आपली न भरणारी जखम घेऊन त्या माथ्यावर अद्याप वावरतो, अशी तेथील भिल्ल व पावरा लोकांची श्रद्धा आहे. वाट खडतर, दिवस अमावास्येजवळचे, आणि रात्रीच्या चढावर उजेड काय तो मशालींचा. या वाटेला सहसा कोणी एकटा लागत नाही. गावचे गाव, भाऊबंदांचे भाऊबंद टोळी करून निघतात, आणि वर्षभर ज्यांनी एकमेकांशी अबोला धरला तेही त्या वाटेवर एकमेकांस हात देतात. सातपुड्याच्या माणसाला दूरचे चालणे कोणी शिकवावयास नको. १९३८ च्या सुमारास तळोदे तालुक्यात मोरवडच्या गुलाम महाराजांनी दारू सोडण्याचा व स्वच्छ राहण्याचा उपदेश सुरू केला, तेव्हा त्यांच्या आरतीसाठी डोंगरकपारींतून हजारो माणसे अशीच पायी खाली उतरत होती.

या प्रदेशातून १९५८ साली, ऐन पावसाळ्याच्या दिवसांत, एक निराळीच तुकडी पायी गेली. तिला कोणता देव पाहावयाचा नव्हता, कोणाचा नवस फेडावयाचा नव्हता. तिच्या अग्रभागी त्रेसष्टाव्या वर्षाकडे झुकलेला, अंगाने अगदी कृश, दाढी वाढविलेला एक मनुष्य होता, आणि प्रत्येक मुक्कामी त्याचे मागणे एकच होते : ज्याच्यापाशी जमीन आहे त्याने नसलेल्यास ती द्यावी. आज ज्याला नंदुरबार जिल्हा म्हणतात तो त्या वेळी पश्चिम खानदेशाचा भाग होता. पुढे त्याचा धुळे जिल्हा झाला आणि त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा निघाला. विनोबा भावे यांची पदयात्रा तेथे पोहोचली तेव्हा ती सुरू होऊन सात वर्षे उलटून गेली होती. ही यात्रा मुळात कशी ठरली, ती हकीकत मोठी बोधप्रद आहे. कारण एवढा प्रचंड प्रवास करावयाचा असे प्रारंभी कोणी ठरविलेच नव्हते.

खानदेशाशी विनोबांचा संबंध जुना. १९१६ च्या मार्च महिन्यात इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईस निघालेला हा विद्यार्थी सुरतेस गाडीतून उतरला आणि मुंबई सोडून काशीच्या मार्गाला लागला. घर सुटले ते त्या दिवशी. त्याच वर्षी जूनच्या ७ तारखेस कोचरबच्या आश्रमात त्यांची आणि गांधीजींची भेट झाली. पुढे १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात असताना तेथील कैद्यांपुढे त्यांनी २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठराही अध्यायांवर प्रवचने केली. ती उतरून घेणारा लेखकही त्याच तुरुंगात होता. अंमळनेरच्या शाळेतील नोकरी सोडून सत्याग्रहात पडलेले साने गुरुजी ते. तुरुंगाच्या त्या आवारात बोलणारा आणि लिहून घेणारा असे दोघे समोरासमोर बसले नसते, तर ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक मराठीस लाभले नसते. खानदेशाच्या वाट्याला हे भाग्य सरकारने हातकड्या घालून आणून दिले, असे म्हटले तरी चालेल.

१९५१ च्या आरंभी विनोबा वर्ध्याजवळ पवनारच्या आश्रमात एका प्रयोगात गढून गेले होते. त्यास ते कांचनमुक्ती म्हणत. पैशाच्या व्यवहारावाचून, स्वतःच्या श्रमावर काही माणसे जगू शकतात की नाही, हे त्यांस पाहावयाचे होते. आश्रमीय मंडळी बैल न जुंपता स्वतःच रहाट ओढून भाजीच्या वाफ्यांना पाणी देत. अशा वेळी हैदराबादजवळच्या शिवरामपल्ली येथे एप्रिलमध्ये सर्वोदय संमेलन भरावयाचे ठरले. विनोबांचा जाण्याचा विचार नव्हता. शंकरराव देव यांनी आग्रह धरला. आपण येणार नसाल तर संमेलन भरविण्यात अर्थ नाही, इथपर्यंत तो आग्रह गेला. विनोबांनी अखेर होकार दिला, पण त्या होकारास एक पुस्ती जोडली : येईन, परंतु पायी येईन.

पवनारपासून शिवरामपल्ली सुमारे ३०० मैल. वर्ध्याहून हैदराबादेस आगगाडी होतीच. वय पंचावन्न. पोटात व्रणाचे जुने दुखणे, त्यामुळे आहार दूधदह्यापलीकडे फारसा जात नसे. संमेलनास जाण्यासाठी महिनाभर आधी निघावे लागणार आणि तेवढा वेळ आश्रमाचा प्रयोग मागे पडणार. हिशेबी मनुष्याला या गोष्टीत वेडेपणावाचून दुसरे काही दिसले नसते. पण या निर्णयात दोन गोष्टी होत्या. एक तर, जो पैशातून सुटण्याचा प्रयोग करीत आहे त्याने तिकिटाची खिडकी गाठणे विसंगत होते. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. गांधीजींच्या मृत्यूला तीन वर्षे झाली होती, त्यांच्या अनुयायांच्या संस्था पुष्कळ होत्या, ठराव पुष्कळ होत होते, परंतु खेड्यांत काय चालले आहे याचा प्रत्यक्ष ठाव फार थोड्यांना होता. गाडीत बसलेल्या माणसास दोन स्टेशनांच्या मधला देश दिसत नाही. तो पाहावयाचा तर पायांखेरीज वाहन नाही, हे विनोबांनी तरुणपणीच अनुभविले होते. १९१७–१८ मध्ये गांधीजींची वर्षभराची रजा घेऊन ते वाईस नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी शास्त्राध्ययन करीत होते. त्या वर्षात त्यांनी गीतेवर बोलत चारपाच जिल्ह्यांतून सुमारे ४०० मैल पायी प्रवास केला आणि त्याचा हिशेब पत्राने गांधीजींस कळविला होता. म्हणजे १९५१ चे हे पाऊल तेहतीस वर्षांपूर्वी एकदा टाकून पाहिलेलेच होते.

८ मार्च १९५१ रोजी ते निघाले. सोबत मोजकी मंडळी. आज लांबच्या पदयात्रेचा बेत करावयाचा म्हटला म्हणजे महिनोन् महिने सभा होतात, वर्गणी निघते, पादत्राणांपासून औषधाच्या पेटीपर्यंत याद्या होतात. येथे असे काही झाल्याचे दिसत नाही. विदर्भातून पैनगंगा व गोदावरी ओलांडून रोज एक मुक्काम याप्रमाणे ही तुकडी महिनाभराने शिवरामपल्लीस पोहोचली, एवढाच त्या वेळचा वृत्तान्त. वाटेत जमिनीची मागणी नव्हती. भूदान हा शब्दच जन्मास यावयाचा होता.

तथापि पुढे तेरा वर्षे जी शिस्त चालली ती या पहिल्या महिन्यातच मुरली. पहाटे तीनला उठणे, चारच्या सुमारास प्रार्थना, आणि उजाडण्यापूर्वीच कंदिलाच्या उजेडात कूच. विनोबांचा चालण्याचा वेग असा की, बरोबर येणाऱ्या तरुणांस मधून मधून धावावे लागे. दहा–बारा मैल चालून सकाळी पुढचे गाव गाठावयाचे. तेथे गावकऱ्यांशी बोलणे, दुपारी वाचन, पत्रे, कार्यकर्त्यांची गाऱ्हाणी, सायंकाळी प्रार्थनासभा, आणि रात्री नवाच्या आत निद्रा. दुसऱ्या दिवशी ते गाव मागे. एका गावी दोन रात्री राहण्याचा प्रसंग क्वचितच. गावाने जे द्यावे ते खावे, शाळेत किंवा देवळात जागा मिळेल तेथे पथारी टाकावी. दामोदरदास मुंदडा चिटणीसाचे काम पाहत. विनोबांच्या पथ्यपाण्याची चिंता महादेवीताई वाहत. पुढे तुकडी वाढली. कोणी आठ दिवस येई, कोणी आठ वर्षे. सामान प्रत्येकाने आपापले सांभाळावयाचे आणि पाय दुखतात म्हणून सर्वांनी थांबावयाचे नाही. एक दोघे आधीच पुढच्या गावी जाऊन मुक्कामाची सोय पाहत. पुढाऱ्याची कीर्ती दूरवर जाते, पण यात्रा चालते ती या पुढे जाणाऱ्यांच्या आणि मागे राहून पत्रांच्या नकला करणाऱ्यांच्या जिवावर. इतिहासात त्यांची नावे सहसा येत नाहीत.

संमेलन संपल्यावर परत फिरणे सोपे होते. पण तेलंगण जवळच पेटलेले होते. निजामाच्या अमदानीत देशमुखांच्या हाती हजारो एकर जमीन आणि कुळांच्या नशिबी वेठ, असा तेथला जमाना. १९४६ पासून कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी शस्त्रे उचलली होती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आल्यावरही तो लढा शमला नव्हता. रात्री कम्युनिस्टांचे भय, दिवसा पोलिसांचे. १५ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, विनोबांनी हैदराबादच्या तुरुंगात कम्युनिस्ट बंदिवानांची भेट घेतली आणि तेलंगणच्या वाटेला लागले. तिसऱ्या दिवशी, १८ एप्रिल १९५१ रोजी, नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्लीस मुक्काम पडला.

तेथील हरिजनांच्या वस्तीत चाळीस कुटुंबे होती. तुम्हांस काय हवे, असे विनोबांनी विचारले. त्यांनी जमीन मागितली, आणि मोजून मागितली : चाळीस एकर जिराईत, चाळीस एकर बागाईत, एकूण ऐंशी. विनोबांच्या मनात प्रथम आले ते सरकारकडे अर्ज करावा असे. कोणाही कार्यकर्त्याच्या मनात तेच आले असते. पण अर्जाचा कागद हाती येण्यापूर्वी त्यांनी जमलेल्या गावकऱ्यांकडे वळून, तुमच्यापैकी कोणास काही करता येईल काय, असे सहज विचारले. रामचंद्र रेड्डी नावाचे एक जमीनदार उठले आणि शंभर एकर देतो म्हणाले. मागणाऱ्यांनी ऐंशीवरच समाधान मानले, हा या कथेतील सर्वांत सुंदर भाग होय, आणि सांगणारे तोच बहुधा विसरतात.

त्या रात्री विनोबांस झोप लागली नाही. पायी निघण्याचा निर्णय मार्चमध्ये झाला खरा, पण खरा निर्णय या रात्रीचा. एका गावात एका माणसाने दिले म्हणून दुसऱ्या गावात दुसरा देईल, याला पुरावा काय? आणि न दिले तर? मागत फिरणाऱ्याचे हसे होईल एवढेच नव्हे, ज्यांच्या आशा वाढविल्या त्यांची फसवणूक होईल. हिशेब केला तर देशातील भूमिहीनांसाठी पाच कोटी एकर लागत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढच्या गावी जमीन मागितली, आणि मिळाली. मग मागण्यासाठी एक साधी युक्ती बसली : तुम्हांस पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. तेलंगणात एक्कावन्न दिवसांत बारा हजार एकरांवर जमीन मिळाली.

येथून पुढचा भाग प्रसिद्ध आहे. तो थोडक्यात सांगितला तरी पुरे. नियोजन मंडळाशी बोलणे करण्यासाठी पंडित नेहरूंनी दिल्लीस बोलाविले, तर विनोबा १२ सप्टेंबर १९५१ रोजी पवनारहून पायीच निघाले आणि दोन महिन्यांनी राजघाटावर जाऊन उतरले. उत्तर प्रदेशात मे १९५२ मध्ये मंगरोठ या गावाने सारीच जमीन गावाच्या स्वाधीन केली, आणि भूदानातून ग्रामदान निघाले. बिहारात सव्वादोन वर्षे चालून बावीस लाख एकरांवर दानपत्रे जमली. त्यानंतर बंगाल, ओरिसा, आंध्र, तामीळनाड, केरळ, म्हैसूर.

या चालण्याचे मोल शरीराने चुकविले. डिसेंबर १९५२ मध्ये बिहारात चांडिल येथे मलेरियाने विनोबांस मरणाच्या दारी नेले. औषध घेण्यास त्यांनी प्रथम नकार दिला आणि पुष्कळ आर्जवांनंतर ते घेतले. एका संकल्पाच्या मागे शेकडो माणसे चालू लागली म्हणजे चालणाऱ्याचा देह त्याच्या एकट्याचा राहत नाही, हे त्या आजाराने दाखवून दिले. सप्टेंबर १९५३ मध्ये हरिजनांसह देवघरच्या वैद्यनाथाच्या दर्शनास गेले असता पंड्यांनी त्यांच्यावर व सोबत्यांवर हल्ला केला, आणि त्यात विनोबांच्या कानास कायमची इजा झाली.

पण शरीरापेक्षा अवघड परीक्षा पैशाची होती. वर्षानुवर्षे चालणाऱ्या या कामास गांधी स्मारक निधीचे साहाय्य होते, प्रांतोप्रांती भूदान समित्या होत्या, पगारी कार्यकर्ते होते. १९५६ च्या नोव्हेंबरात तामीळनाडमधील पळनी येथे विनोबांनी या सर्वांचा निरोप घेण्याचे ठरविले. समित्या विसर्जित, निधीचे पैसे बंद. ज्या गावास हे काम आपले वाटेल त्या गावाने ते चालवावे. तत्त्व म्हणून हा निर्णय तेजस्वी होता. व्यवहार म्हणून तो महाग पडला, असे म्हणणे प्राप्त आहे. कारण दान तोंडाने होते, दानपत्र सहीने होते, परंतु जमीन माणसाच्या हाती यावयाची तर सर्व्हे नंबर पाहावा लागतो, साखळी टाकून मोजणी करावी लागते, वादातली जमीन वेगळी काढावी लागते, तलाठ्याच्या दप्तरी नाव चढवावे लागते, आणि घेणाऱ्यापाशी बैल व बी आहे की नाही हेही बघावे लागते. हे काम पुढे चालत जाणाऱ्याचे नव्हे, मागे राहणाऱ्याचे. समित्या मोडल्यावर मागे राहणारेच विरळ झाले.

यात्रेची कीर्ती मात्र सातासमुद्रांपार गेली. इटलीत जन्मलेले लान्झा देल वास्तो १९५४ मध्ये बिहारात विनोबांबरोबर चालून गेले आणि फ्रान्सात परतून त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. या चळवळीतलेच सतीशकुमार व ई. पी. मेनन हे दोन तरुण १९६२ मध्ये अणुबाँबच्या निषेधार्थ दिल्लीहून निघाले. नव्वदीच्या घरातल्या बर्ट्रांड रसेल यांस त्याच कारणासाठी तुरुंगात जावे लागल्याचे वृत्त वाचून त्यांनी हे ठरविले होते. निघताना विनोबांनी त्यांस सल्ला दिला तो असा की जवळ पैसा बाळगू नका. मॉस्को, पॅरिस, लंडन करीत ते वॉशिंग्टनपर्यंत पोहोचले. समुद्र तेवढा त्यांनी जहाजाने ओलांडला. त्याच दशकात इंग्लंड-अमेरिकेत धर्मादाय पदयात्रांची नवी रीत रूढ झाली : चालणाऱ्याने मैल मोजावे आणि त्याच्या इष्टमित्रांनी दर मैलामागे ठरलेली रक्कम दुष्काळपीडितांस किंवा रुग्णांस द्यावी. हेतू स्तुत्य, पण तेथे देणारा घरी असतो आणि घेणारा दूर कोठेतरी. विनोबांच्या यात्रेत देणारा, घेणारा आणि मागणारा तिघे एकाच झाडाखाली बसलेले असत, आणि तिघांनाही एकमेकांकडे पाहावे लागे.

१९५८ च्या मार्चमध्ये यात्रा महाराष्ट्रात आली. त्या वेळी महाराष्ट्र संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने तापलेला होता. सभा, मोर्चे, निवडणुकीचे निकाल यांपुढे जमीन मागणाऱ्या साधूकडे लक्ष कोण देणार? तशात येथला शेतकरी बहुशः लहान. दहा एकरांच्या धन्यापाशी सहावा हिस्सा मागणे आणि देशमुखापाशी मागणे यांत अंतर आहे. मे महिन्याच्या अखेरीस पंढरपूरला सर्वोदय संमेलन भरले, आणि विनोबांनी आपल्या तुकडीतील परधर्मीय सोबत्यांसह विठ्ठलाचे दर्शन घेतले. हेच मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजी आधी महाराष्ट्रभर हिंडले होते आणि १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी दहा दिवस उपोषण केले होते. धुळ्याच्या तुरुंगातला तो लेखक हा सोहळा पाहावयास उरला नव्हता. १९५० च्या जूनमध्ये त्याने जगाचा निरोप घेतला होता.

पंढरपुराहून निघालेली तुकडी पावसाळ्यात खानदेशात आली. पश्चिम खानदेश म्हणजे एका नावाखालचे दोन मुलूख. तापीच्या काठची शहादे, नंदुरबार, तळोदे या बाजूची काळी कसदार जमीन, आणि तिच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगांत नर्मदेपर्यंत पसरलेला अक्राणीचा महाल. सपाटीवरची जमीन एके काळी बहुतांशी भिल्लांच्या वहिवाटीत होती. कर्ज, दुष्काळ, वाचता न येणारा कागद आणि त्यावर उठविलेला अंगठा, या मार्गाने ती दोनतीन पिढ्यांत त्यांच्या हातून गेली, आणि पुष्कळ ठिकाणी पूर्वीच्या धन्याचा नातू त्याच शेतावर सालदार म्हणून राबू लागला. अक्राणीत तसे नव्हते. तेथे जमीन उतरणीची, खडकाळ, जंगलखात्याच्या हद्दीत गुंतलेली. पण ती कसणाऱ्याच्याच हाती होती. एकाच्या शेतावर सर्वांनी मिळून काम करावे आणि त्याने सर्वांस जेवण द्यावे, ही तेथली चालत आलेली रीत.

ग्रामदानाची हाक कोठे ऐकू गेली? सपाटीवर नव्हे, डोंगरात. अक्राणी महालातील अनेक गावांनी ग्रामदान केले. आपली जमीन आपल्या नावावर न ठेवता गावाच्या नावे करावयाची, ही कल्पना नागर माणसास धक्कादायक वाटते. डोंगरातल्या पाड्यावर ती फारशी नवी नव्हती. सातबाऱ्याच्या कागदापेक्षा पाड्याचा शब्द तेथे जुना होता. या घटनेकडे दोन रीतींनी पाहता येते. विनोबांच्या भक्तांनी म्हटले, पाहा, ज्यांस आपण मागासलेले म्हणतो त्यांनी मालकीचा मोह प्रथम सोडला. टीकाकारांनी म्हटले, ज्यांच्यापाशी सोडण्याजोगे थोडेच होते त्यांनी ते सोडले. ज्यांच्यापाशी पुष्कळ होते ते खाली तापीकाठी हलले नाहीत. दोन्ही विधाने खरी आहेत, आणि दुसऱ्याने पहिले खोटे ठरत नाही. मात्र दानाची गरज होती ती खाली; तेथला सालदार यात्रा पाहून परत धन्याच्या गोठ्याकडे गेला.

यात्रा १९६४ च्या एप्रिलमध्ये पवनारला परतली. देशभर मिळालेल्या भूदानाचा आकडा अखेर ४२ लाख एकरांच्या आसपास गेला. पाच कोटींपुढे तो लहान, आणि पृथ्वीच्या पाठीवर केवळ मागून कोणी एवढी जमीन मिळविल्याचे उदाहरण नाही म्हणून तो मोठाही. पण पहिल्या दोन दशकांत त्यातील जेमतेम तिसरा हिस्सा भूमिहीनांच्या हाती पडला. काही जमीन निव्वळ माळ होती, काही कज्जात अडकलेली होती, काहींचे दाते विरले. महाराष्ट्र सरकारने १९६४ साली ग्रामदानाचा कायदा केला, त्यामुळे ग्रामदानी गावांस कायद्याचे अधिष्ठान मिळाले. त्याच कायद्याच्या आधारे २०१३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने आपली सर्व जमीन ग्रामसभेस दिली, तेव्हा हा कायदा अद्याप जिवंत आहे हे पुष्कळांस प्रथमच कळले.

तापीकाठचा प्रश्न मात्र दुसऱ्या वाटेने गेला. शहाद्याच्या बाजूचे अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल समाजातले, सर्वोदयाच्याच संस्कारात वाढलेले कार्यकर्ते. मागून मिळत नाही असे दिसल्यावर त्यांनी आपल्या लोकांचे संघटन सुरू केले. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीस आदिवासींवर गोळीबार झाल्यानंतर सर्वोदयाची व डाव्या विचारांची तरुण मंडळी शहाद्यास येऊन एकत्र झाली. ३० जानेवारी १९७२ रोजी, म्हणजे गांधीजींच्या पुण्यतिथीस, शहाद्यात भूमुक्ती परिषद भरली. शब्दांतला फरक लक्षात घेण्याजोगा आहे : चौदा वर्षांपूर्वी येथून गेलेला शब्द भूदान होता, आता आलेला शब्द भूमुक्ती. आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी त्यांस परत देण्याचा कायदा महाराष्ट्रात १९७४ साली झाला, त्यामागे ज्या ठिकाणांचा रेटा होता त्यांत शहाद्याचे नाव घ्यावे लागते. ही मंडळीही पाड्यापाड्यांतून पायीच हिंडत होती. पण ती पुढच्या गावी निघून जात नव्हती. त्याच त्या गावी पुनःपुन्हा येत होती, फेरफाराची नक्कल मागत होती, तारखेस कचेरीत हजर राहत होती. विनोबांच्या यात्रेत जे उणे राहिले ते हेच.

अक्राणीच्या गावांपुढे पुढे वेगळेच संकट आले. नर्मदेवरील सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील जी ३३ गावे येणार होती ती अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांतली. २५ डिसेंबर १९९० रोजी नर्मदेच्या खोऱ्यातील हजारो स्त्रीपुरुष बडवानीजवळच्या राजघाटावरून धरणाच्या दिशेने पायी निघाले. बाबा आमटे त्यांच्याबरोबर होते. आपल्याकडून हिंसा होणार नाही हे दिसावे म्हणून पुढे चालणाऱ्यांनी आपले हात बांधून घेतले होते. गुजरातच्या हद्दीवर फेरकुवा येथे त्यांस अडविण्यात आले, आणि तेथेच मेधा पाटकर व त्यांच्या सहकाऱ्यांचे दीर्घ उपोषण झाले. १९५८ च्या सप्टेंबरात विनोबांची तुकडी खानदेशातून गुजरातेत गेली तेव्हा राज्याची हद्द वाटेत नव्हती. दोन्हीकडची गावे त्या वेळी एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात होती, आणि तुकडी पहाटेच्या कंदिलाच्या उजेडात एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामास जावी तशी गेली.